वाचवलेले पाणी जाते कोठे?

शासन, महानगरपालिका, शाळा, बँका आणि साबण-तेलाच्या जाहिराती या सर्वांचे अलीकडे एका गोष्टीवर एकमत झालेले आहे. पृथ्वीचे जे काही बिघडले ते कुटुंबाच्या सवयींमुळे बिघडले आणि त्याची दुरुस्तीही कुटुंबानेच करावयाची आहे. नळ टपकू देऊ नये, दिवा विझवावा, कापडी पिशवी न्यावी, भाजीच्या देठांचे खत करावे, गच्चीत कुंड्या लावाव्यात. २ ऑक्टोबर २०२० पासून महाराष्ट्र शासनाने ‘माझी वसुंधरा’ अभियान चालविले आणि नागरिकांकडून शपथा घेतल्या. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या जागतिक परिषदेत पंतप्रधानांनी ‘पर्यावरणपूरक जीवनशैली’चा मंत्र जगाला दिला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत एकतानगर येथे राष्ट्रसंघाच्या महासचिवांना शेजारी बसवून त्याच मंत्राचे ‘मिशन लाइफ’ झाले, आणि व्यक्तीने व कुटुंबाने करावयाच्या ७५ कृतींची यादी प्रसिद्ध करण्यात आली.

या ७५ कृतींपैकी बहुतेकींना कोणीही शहाणा माणूस विरोध करणार नाही. वाहता नळ बंद करावा हे सांगण्यासाठी मिशन लागत नाही; कोणत्याही आजीने ते सांगितलेले असते. प्रश्न निराळा आहे. ही यादी कोणाच्या दारात उभी राहून वाचली जात आहे आणि कोणाचे दार चुकवून पुढे जात आहे? वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवा, उद्वाहनाऐवजी जिन्याने जा, सिग्नलला मोटारीचे इंजिन बंद करा, असे ज्या देशातील कुटुंबांना सांगितले जाते त्या देशातील बहुसंख्य कुटुंबांकडे वातानुकूलन यंत्र नाही, उद्वाहन नाही आणि मोटारही नाही. उपदेश सर्वांना समान, उपभोग मात्र विषम, अशी ही समता आहे!

नाशिक शहरापासून फार दूर जाण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यात खरशेत ग्रामपंचायतीच्या हद्दीत शेंद्रीपाडा नावाची आदिवासी वस्ती आहे. तास नदीच्या खोल घळीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन, तोल सांभाळीत जाणाऱ्या तेथील स्त्रियांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा राज्याला त्यांचा पत्ता लागला. जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी पूल बसविण्यात आला. त्याच वर्षीच्या जुलैतील पुरात तो वाहून गेला. या बायकांच्या घरात ७५ पैकी किती कृती होत होत्या याचा हिशेब कोणी केलेला नाही. केला असता तर त्या सर्वांत आदर्श नागरिक ठरल्या असत्या. त्यांनी पाण्याचा थेंब वाया घालविला नाही, कारण थेंब आणण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. वीज उधळली नाही, प्लास्टिक साठविले नाही, विमानाने प्रवास केला नाही. घाटमाथ्यावर पाऊस कमी पडत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा पट्टा. परंतु होळी उलटली की याच पट्ट्यातील पाडे तहानेने व्याकूळ होतात आणि याच पट्ट्यातील ऊर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी १९७० च्या दशकापासून मुंबईची तहान भागवीत आले आहे. मुंबईच्या कामगारवस्तीला पाणी मिळू नये असे येथे कोणी म्हणत नाही. परंतु ज्या डोंगराने पाणी दिले त्याच डोंगरातील बाई हंडा घेऊन घळ ओलांडते, ही गोष्ट जीवनशैलीच्या कोणत्या कलमात बसवावयाची?

काटकसर ही मराठी कुटुंबाला कोणी नव्याने शिकविण्याची गोष्ट नव्हे. जुन्या नाशकातील वाड्यांत आणि सातपूर-अंबडच्या कामगारवस्तीत एकच धोतर आधी अंगावर, मग पंचा म्हणून, मग गोधडीत आणि शेवटी पायपुसण्यात, अशी चार आयुष्ये जगत असे. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देत असे. कल्हईवाला, छत्रीवाला, चाकूला धार लावणारा, रद्दीवाला या सर्वांचा संसार घरोघरच्या काटकसरीवर चालत होता. घासलेटासाठी डबा आणि गोडेतेलासाठी किटली घेऊन दुकानात जाण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. आता हे धंदे मोडकळीस आले. ते गृहिणींची नीतिमत्ता ढासळल्यामुळे मोडले काय? दुरुस्तीच होऊ नये अशा बेताने वस्तू बनविण्यात आल्या, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि दुरुस्तीची मजुरी नव्या वस्तूच्या किमतीला भिडेल अशी बाजाराची रचना झाली. ज्याने ही रचना केली तो आता गृहिणीला पुनर्वापराचे महत्त्व पटवून देत आहे.

शाम्पूच्या पुडीचे उदाहरण अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. ज्याच्या हाती आठवड्याची मजुरीही एकरकमी येत नाही तो मोठी बाटली घेऊ शकत नाही. म्हणून कंपन्यांनी एक-दोन रुपयांच्या पुड्या काढल्या आणि दारिद्र्याचीच बाजारपेठ केली. पुडीतील माल संपतो, पुडी मात्र नाल्यात शतकानुशतके टिकते. ती गोळा करून विकावी तर तिला भंगारात भाव नाही, कारण निरनिराळे थर चिकटवून केलेले हे वेष्टन पुन्हा वितळविणे परवडत नाही. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये आणि तीन महिने कैद असा दंड ठरला. मेथीच्या दोन जुड्या पातळ पिशवीत घालून देणाऱ्या भाजीवालीलाही तोच ५ हजारांचा दंड. कारखान्यातच वेष्टनात भरून येणाऱ्या मालाला मात्र सवलत मिळाली. मंडईत पथके आली. वेष्टन बनविणाऱ्याच्या दारात ती किती वेळा गेली?

ही युक्ती आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९५३ मध्ये ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था निघाली, तिच्या स्थापनेत डबे आणि बाटल्या बनविणाऱ्या कंपन्यांचाच पुढाकार होता. तोवर बाटल्या दुकानात परत जात. परतीची पद्धत मोडून फेकून देण्याच्या बाटल्यांत अधिक नफा होता. रस्त्यावर काचा आणि डबे दिसू लागताच ‘लोक प्रदूषण करतात, लोकच ते थांबवतील’ असा प्रचार सुरू झाला. पुढे २००४ च्या सुमारास एका ब्रिटिश तेलकंपनीने, ‘बीपी’ने, प्रत्येक माणसाला स्वतःचा ‘कार्बन पाऊलठसा’ मोजण्याचे साधन पुरविले. तेल काढणारा जगाला विचारीत होता, तुम्ही किती जाळता? ऑक्सफॅमने २०१५ मध्ये मांडलेला अंदाज असा की, जगातील सर्वांत श्रीमंत दहा टक्के लोकांच्या उपभोगातून सुमारे निम्मे कर्बउत्सर्जन होते, आणि गरीब निम्म्या मानवजातीच्या वाट्याला त्यातील जेमतेम दहा टक्के येते. अशा जगात ‘प्रत्येकाने थोडे थोडे करावे’ हे वाक्य गणितालाच धरून नाही.

आणि हे ‘थोडे थोडे’ घरात करते कोण? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, पुरुष ८८ मिनिटे. कचऱ्याचे ओले-सुके वर्गीकरण, खताचा डबा ढवळणे, भांड्यांचे धुवण झाडांना घालणे, पिशव्या धुऊन वाळविणे, घरी साबण करणे या सर्व सत्कृत्यांची मिनिटे त्या २८९ मध्येच पडणार, ८८ मध्ये नव्हे. बंगल्यात ती मोलकरणीच्या वाट्याला येतात आणि पगार तोच राहतो. मालकिणीला पर्यावरणनिष्ठ कुटुंबाचे प्रशस्तिपत्र मिळते. धुराच्या चुलीचेही तसेच झाले. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसजोडण्या वाटल्या गेल्या, परंतु महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालानुसार डिसेंबर २०१८ अखेर या लाभार्थींचा वार्षिक वापर सरासरी ३.२१ टाक्यांचा होता. टाकी भरण्याचे पैसे नसले की बाई पुन्हा सरपणाकडे वळते. तिला स्वच्छ इंधनाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. तिची फुप्फुसे ते जाणतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. समजा, नाशिकमधील एका पाच माणसांच्या कुटुंबाने हा सर्व उपदेश मनापासून पाळला. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण माणशी दररोज १३५ लिटर धरले जाते. म्हणजे या कुटुंबाचे ६७५ लिटर. त्यांनी बादलीने स्नान केले, भांडी टबात धुतली आणि पाचवा हिस्सा, म्हणजे १३५ लिटर, रोज वाचविले. वर्षाला ही बचत ४९ हजार लिटरांच्या थोडी वर जाते. हे कुटुंब अभिनंदनास पात्र आहे यात शंका नाही. परंतु वाचलेले हे पाणी गेले कोठे? गंगापूर धरणातून ते शेंद्रीपाड्यावर चढत नाही. फुलेनगरच्या सार्वजनिक नळाची धार त्याने जाड होत नाही. ते जलवाहिनीत राहते आणि ज्याचा पंप मोठा, ज्याची टाकी मोठी, ज्याच्या इमारतीचा परवाना नवा, त्याच्याकडे ओढले जाते. एका हेक्टर उसाला हंगामभर सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे चारशे सत्शील कुटुंबांनी वर्षभर बादलीने आंघोळ केली तर एक हेक्टर ऊस भिजेल! ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला येथे खलनायक करण्याचे कारण नाही. हमखास खरेदी ज्या एका पिकाला मिळते तेच तो लावणार. मुद्दा असा की, वाटपाचा नियम नसेल तेथे बचत म्हणजे बलवानाला दिलेले दान होय. गरिबाने पोट मारून ते द्यावे आणि वर शपथही घ्यावी, अशी अपेक्षा आहे.

वाटपाचा नियम आधी आणि काटकसर नंतर, हा क्रम महाराष्ट्रात लोकांनी स्वतः घालून दाखविलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. या नियमाखाली ज्या कुटुंबाने पाणी जपून वापरले त्याला ठाऊक होते की, उरलेले शेजाऱ्याच्या ज्वारीला जाणार आहे. काटकसरीला तेथे सामाजिक अर्थ आला तो या एका नियमामुळे. नाशिक जिल्ह्याला तर याहून जवळचा दाखला आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे शेपूट ओझरच्या बाजूला येते, आणि शेपटाला पाणी पोहोचत नव्हते. समाजवादी कार्यकर्ते बापू उपाध्ये आणि त्यांचे सहकारी भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, मोजून वाटावयाचे आणि त्याचे पैसेही मोजून भरावयाचे, असा हा व्यवहार. पुढे सबंध प्रकल्पाचा कारभार लाभधारकांच्या संस्थांकडे आला. याचे पोवाडे मुंबई-दिल्लीत गायिले गेले, नाशिकच्या कार्यकर्त्यांना मात्र अनेकदा ओझरचा रस्ता सापडत नाही. वाघाडच्या शेतकऱ्यांकडून कोणी शपथ घेतली नव्हती. मोजमाप होते, हिशेबाची वही होती आणि ती वाचण्याचा हक्क सर्वांना होता.

शहराच्या कचऱ्याचा विचारही याच कसोटीवर करावा. घंटागाडी ही नाशिकच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. तिची घंटा वाजली की गृहिणी दोन डबे घेऊन खाली उतरते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे वर्गीकरण घरावर बंधनकारक केले. घराने आपले काम केले असे समजू. परंतु घंटागाडीवरील माणूस कंत्राटी आहे. किमान वेतनासाठी त्याला वेळोवेळी आंदोलन करावे लागले आहे, हातमोजे आणि गमबूट यांसाठी भांडावे लागले आहे. वर्गीकरणाची साखळी घरापासून पाथर्डी-विल्होळीच्या खतप्रकल्पापर्यंत जाते आणि तिचा सर्वांत कच्चा दुवा हा कंत्राट आहे. कंत्राटदाराला पैसे वजनावर मिळत असतील तर कचरा कमी व्हावा यात त्याचे हित नाही. ही साधी अर्थशास्त्रीय गोष्ट प्रबोधनाच्या पत्रकांत कधीच छापली जात नाही. ‘सार्वजनिक वाहनाने प्रवास करा’ या कलमाची गतीही हीच. महापालिकेने ८ जुलै २०२१ रोजी सिटीलिंक बससेवा सुरू केली. त्यानंतर थकलेल्या वेतनासाठी तिच्या कंत्राटी वाहकांना एकाहून अधिक वेळा काम बंद करावे लागले. त्या दिवशी सिडकोतून सातपूरला कामावर जाणाऱ्याने कोणती जीवनशैली स्वीकारावयाची होती?

गोदावरीबद्दल काय लिहावे? गणेशोत्सवात ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणून विद्यार्थी घाटावर उभे राहतात आणि सहस्रावधी कुटुंबे मूर्ती नदीत न सोडता त्यांच्या स्वाधीन करतात. श्रद्धेला मुरड घालून केलेला हा त्याग आहे, तो लहान समजू नये. परंतु दहा दिवसांचे हे शहाणपण एकीकडे आणि बारमाही नाले दुसरीकडे. नदीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने आदेश दिले, समित्या झाल्या. पाणवेली मात्र आनंदवलीपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत पुन्हा पुन्हा फोफावल्या, कारण सांडपाणी हेच त्यांचे खत आहे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२७ च्या सिंहस्थातील साधुग्रामासाठी तपोवनातील सतराशेहून अधिक झाडे हटविण्याचा प्रस्ताव महापालिकेनेच मांडला. गच्चीत तुळस लावा म्हणणारे आणि तपोवनातील वृक्षांवर खुणा करणारे हात एकाच कार्यालयातले! नाशिककर तेव्हा मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यात कुंड्या लावणाऱ्या गृहिणीही होत्या, आणि हेच या प्रकरणातील सर्वांत आशादायक लक्षण होते.

येथे चळवळीतील एका जुन्या खोडीचाही समाचार घेतला पाहिजे. काही कार्यकर्त्यांना घरातल्या पाण्या-कचऱ्याचा प्रश्न मध्यमवर्गीय चोचला वाटतो. उत्पादनसाधनांची मालकी बदलली की कचरा आपोआप नाहीसा होईल, अशी त्यांची समजूत आहे. मालकी बदललेल्या देशांतील नद्याही मेल्या आहेत. अराल समुद्र कापसासाठी आटला तेव्हा तेथे खाजगी भांडवलदार नव्हता. दुसऱ्या बाजूला असे मित्र आहेत की ज्यांना मोर्च्यापेक्षा कापडी पिशव्यांचे वाटप सोपे वाटते. त्यात पोलीस येत नाहीत आणि छायाचित्र छापून येते. दोघेही घर आणि सत्ता यांच्यामधला उंबरठा ओलांडायला तयार नाहीत.

तो ओलांडला होता मृणाल गोरे यांनी. गोरेगावातील बायकांचा पाण्याचा प्रश्न त्यांनी महापालिकेच्या सभागृहात नेला आणि त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७२ नंतरच्या महागाईत अहिल्या रांगणेकर आदी निराळ्या पक्षांतील स्त्रियांसह त्यांनी लाटणे हातात घेऊन बायकांना रस्त्यावर आणले. त्यांनी बायकांना तेल कमी वापरा असे सांगितले नाही. त्या बायका तेल कमीच वापरीत होत्या. तेल कोठे साठवून ठेवले आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली आणि नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली जो प्रश्न उभा होता तोही शेवटी सार्वजनिक वस्तूवर हक्क कोणाचा, हाच होता.

तेव्हा नाशिकमधील कार्यकर्त्यांनी घरात जरूर जावे, पण शपथेचा कागद घेऊन जाऊ नये. वही घेऊन जावे. या प्रभागात कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी येते, कोणत्या संकुलात टँकर येतो आणि तो कोठे भरतो, तरणतलावाला आणि वाहने धुण्याच्या केंद्राला कोणत्या दराने पाणी मिळते, घंटागाडीवरील कामगाराला महिनाअखेर प्रत्यक्ष किती रक्कम पडते, गोळा झालेला ओला कचरा प्रभागातच का जिरविला जात नाही, हे त्या वहीत उतरावे. माणशी मूलभूत पाणी अल्प दरात आणि त्यावरील प्रत्येक हजार लिटरला चढता दर, अशी आकारणी मागावी. गळती शोधण्याचा खर्च आणि तिचा हिशेब प्रभागसभेत वाचून दाखविण्याचे बंधन महापालिकेवर घालावे. कचऱ्याच्या कंत्राटात वजनाऐवजी कामगारांचे वेतन आणि वर्गीकरण हाच देयकाचा आधार करावा. जिल्हा नियोजनात पहिला हंडा त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांचा, मग शहराचा, असा क्रम लेखी मागावा. ही मागणी करताना शहरातील आपल्याच मतदाराची नाराजी पत्करावी लागेल, हे आधीच समजून असावे. गंगापूर रोडच्या बंगल्यातील सहानुभूतीदारांना पाणीपट्टीचा चढता दर पहिल्या महिन्यातच टोचणार आहे. त्यांची वर्गणी त्या महिन्यात आली नाही, तरी वही बंद करू नये.